तकलीफचा रकाना

काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, ‘‘शुं तकलीफ छे, बेन?’’ आणि घरून पाठ करून नेलेलं वाक्य मी विसरले. रिक्षात बसल्यापासून ते वाक्य तीन भाषांत जुळवून पाहिलं होतं. मराठीत ‘चामखीळ’ म्हणावं, तर तो शब्द मानेवरच्या, पदराआडच्या, म्हातारपणी आपोआप येणाऱ्या निरुपद्रवी गोष्टीचा. इंग्रजी शब्द म्हणावा, तर तो त्या मुलीला कळेल की नाही कोण जाणे, आणि कळला तर जास्तच पंचाईत. शेवटी बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. ‘‘मसा थया छे.’’ तिनं रजिस्टरात लिहिलं, केसपेपर फाडला आणि म्हणाली, ‘‘मसा तो उपर, बीजे माळे. सर्जन पासे.’’ गुजरातीत चामखिळीला मसा म्हणतात आणि मूळव्याधीलाही हरस-मसाच म्हणतात, हे मला काय माहीत नव्हतं? माझ्या मागे उभ्या असलेल्या एक बाई आपुलकीनं पुढे झुकल्या. ‘‘सुरण खा. आणि ताक. माझ्या मिस्टरांना फार गुण आला.’’ मी मान डोलावली. खरोखर दोन मजले चढले, सर्जनच्या दाराबाहेर बाकावर पाच मिनिटं बसले आणि मग उठून खाली आले.

तेव्हापासून मला खुपतंय ते असं, की त्या बाकावर बसल्याबसल्या मला हायसं वाटलं होतं. मूळव्याधीला आपल्यात केवढी प्रतिष्ठा आहे! लग्नाच्या पंगतीत माणसं तिच्याबद्दल बोलतात, मठ्ठा मागून घेताना कारण म्हणून सांगतात, ऑपरेशन झालं की भेटायला जातात. तिच्यापासून चार बोटं पुढे सरकलं की मात्र आवाज बंद. तेवढ्या चार बोटांसाठी मी पाच मिनिटं दुसऱ्याच आजाराच्या रांगेत बसून आले.

सापडलं ते आंघोळ करताना. साबणाच्या हाताला खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी लागलं. महिन्याभरात दाण्याचा तुरा झाला, फुलकोबीचा अगदी बारका तुकडा असावा तसा, आणि त्याच्याशेजारी आणखी दोन. दुखत नव्हतं, खाजही क्वचित. मी चव्वेचाळीस वर्षांची, एका मुलीची आई, लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, आणि रात्री पांघरुणात मोबाइलचा उजेड कमी करून वाचत होते. वाचता वाचता दोन ओळींवर अडकले. एका ओळीत लिहिलं होतं, हे एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतं. दुसरीत लिहिलं होतं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्हीमुळे होतो. दोन्ही ओळी खऱ्या होत्या. त्यांना एकमेकींच्या शेजारी ठेवून मी जी तिसरी ओळ तयार केली ती तेवढी चुकीची निघाली, पण त्या तिसऱ्या ओळीवर मी सहा रात्री काढल्या.

त्याला कारण थोरली मावशी.

दांडिया बाजारातल्या तिच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या खोलीत, चोवीस तास उदबत्ती जळायची. मी तेव्हा कॉलेजात होते. आम्हा सगळ्यांना वाटलं, काका गेल्यापासून मावशी देवाधर्माला लागली. सकाळी उद, दुपारी धूप, संध्याकाळी मोगऱ्याची उदबत्ती, त्यावर कापूर. आई कौतुकानं म्हणायची, हिच्या खोलीत गेलं की देवळात गेल्यासारखं वाटतं. देवळात गेल्यासारखं वाटायचं हे खरं, पण त्या वासाखाली आणखी एक वास होता, फुलदाणीत विसरलेल्या पाण्यासारखा, आणि मावशी तो झाकत होती हे आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ‘अंगावरून जातंय’ एवढंच ती दोन वर्षांपूर्वी आईला म्हणाली होती. आईनं तांदळाचं धुवण सांगितलं, अशोकारिष्टाची बाटली नेऊन दिली. पाळी जाऊन आठ वर्षं झाल्यावर पुन्हा लाल दिसायला लागलं तेव्हा मावशीनं ते कुणालाच सांगितलं नाही. जुन्या साड्यांचे तुकडे रात्री धुवायची आणि माळ्यावर, पिंपाच्या मागे वाळत घालायची. अहमदाबादला नेऊन रेडिएशनचे शेक दिले. शेकांनी ती काळवंडली, अशक्त झाली, आणि पुढच्या वर्षी गणपतीत गेली. आम्ही त्याला ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतो, तोही दार लावून.

आता लिहिताना लक्षात येतं, मावशीला चामखीळ नव्हती. हाताला लागेल, आरशात दिसेल असं काही तिला झालंच नव्हतं. मी मात्र तिची आठवण काढत तीन तुऱ्यांना घाबरत होते.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरवरचा ‘मसा’ वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता हिरवा पडदा ओढला. त्या टेबलावर पडल्यावर बाईमाणसाला छताची जेवढी ओळख होते तेवढी घरच्या छताचीही होत नसेल. पंख्याच्या दांड्याला जळमट, कोपऱ्यात ओल, ओलीचा आकार कच्छच्या नकाशासारखा. ‘‘ढीलुं मूको,’’ त्या म्हणाल्या. सैल सोडा. गार लोखंड अंगात शिरत असताना सैल कसं सोडायचं हे मला आजवर कुणी शिकवलेलं नाही. मग ओळखीचा आंबट वास आला. स्वयंपाकघरातला व्हिनेगर. हेच पाणी गर्भाशयाच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबायचं, गडबड असलेली जागा पांढरी पडते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा हॉस्पिटलच्या लोकांनी साध्या आरोग्यसेविकांना ही तपासणी शिकवून दीड लाख बायकांवर अभ्यास केला होता आणि तिथं या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, हे मी नंतर वाचलं. तेव्हा टेबलावर मला फक्त कॉलेजसमोरची चायनीजची लारी आठवत होती. शेवटी एक बारका ब्रश आत फिरवून त्यांनी काचेवर टेकवला. दुखलं नाही. चिमटा बाहेर काढताना जरा कळ आली, एवढंच.

‘‘हे कॅन्सरचं आहे का?’’ मी कपडे सावरताना विचारलं. त्या हात धूत होत्या. ‘‘बडोद्यात गायकवाड किती?’’ त्यांनी उलट विचारलं. गुजराती बाई, पण प्रश्न अस्सल बडोद्याचा. ‘‘पुष्कळ,’’ मी म्हटलं. ‘‘मग सगळे पॅलेसमध्ये राहतात?’’ एचपीव्ही हे आडनाव झालं, म्हणाल्या. त्या आडनावाची दोनशेच्या वर मंडळी आहेत. तुझे मसे ज्यांनी केले ते बहुतेक ६ आणि ११ नंबरचे. ते वर तुरे काढतात, लाज आणतात, परत परत उगवतात, पण कॅन्सर करायच्या भानगडीत पडत नाहीत. कॅन्सरवाले वेगळे, त्यांत मुख्य १६ आणि १८. शंभरातले सत्तर या दोघांच्या खात्यावर. ते तुरेबिरे काही काढत नाहीत. आत गपचूप बसतात. बहुतेक बायकांच्या शरीरातून वर्षा-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातात, आणि ज्यांच्यात ठाण मांडतात त्यांच्यात दहा-पंधरा वर्षं काम करत राहतात.

मी सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, ‘‘पण आजची तपासणी मी मशांसाठी नाही केली.’’ मग कशासाठी? ‘‘तू चव्वेचाळीसची आहेस आणि एकदाही केलेली नाहीस म्हणून.’’ मसे असलेल्या बाईला वेगळी तपासणी नाही, जास्त वेळा नाही, लवकर नाही. तीसच्या पुढच्या सगळ्या बायकांना जी, तीच. एचआयव्हीसारखं काही असतं तर गोष्ट वेगळी, म्हणून ती रक्ततपासणी लिहून दिली. किंवा मसा गर्भाशयाच्या तोंडावरच असता तर दुर्बिणीनं पाहावं लागलं असतं. तसं नव्हतं. मात्र एका घरात दोन भाडेकरू राहू शकतात, म्हणाल्या, वरच्या मजल्यावर ६ नंबर आणि तळघरात १६. वरचा गोंगाट करतो म्हणून तळघरात कुणी नाही असंही समजायचं नाही आणि कुणी आहेच असंही नाही.

मशांवर त्यांनी काडीनं अ‍ॅसिड लावलं. ते पांढरे पडले आणि चांगलेच पोळले. दर आठवड्याला एकदा, तीन वेळा. आणि जाता जाता एक वाक्य टाकलं, त्यांना ते फार साधं वाटलं असणार: ‘‘कधी लागला ते सांगता येत नाही हं. काही आठवडेसुद्धा असतील, काही वर्षंसुद्धा. घरी भांडत बसू नका.’’

भांडलो नाही. भांडण परवडलं असतं. रात्री मुलगी झोपल्यावर मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज आधी कमी केला, मग बंद केला. ‘‘म्हणजे माझ्यामुळे?’’ मी म्हटलं, सांगता येत नाही म्हणाल्या. मग बराच वेळ फ्रिज घरघरत होता. लग्नाआधी तीन वर्षं हे अंकलेश्वरला एका कारखान्यात होते, मित्रांबरोबर खोली करून. त्या खोलीबद्दल मी कधी विचारलं नव्हतं, त्या रात्रीही विचारलं नाही. समजूतदारपणा म्हणून नव्हे. विचारलं असतं तर उलटा प्रश्न आला असता, आणि लग्नाआधीच्या दोन वर्षांबद्दल मलाही थोडं सांगावं लागलं असतं. काही वर्षं, या दोन शब्दांत आम्हा दोघांनाही पुरेशी जागा होती. आम्ही त्यात शिरलो आणि दिवा मालवला. अजूनही कधी कधी भाजी निवडताना मी मनात हिशेब मांडते. तो जुळत नाही, आणि जुळला नाही याचं बरंही वाटतं.

काचपट्टी लॅबकडे गेली आणि विश्वामित्रीला पूर आला. ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमीचे दिवस. २५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, अर्धं शहर पाण्यात, वीज नाही, लॅब बंद. मोबाइलवर मगरींचे व्हिडिओ फिरत होते, कुणाच्या अंगणात, कुणाच्या छपरावर. बडोद्याच्या माणसाला मगरीचं नवल नाही. पुलावरून भाजीच्या पिशव्या घेऊन जाताना काठावर पहुडलेली मगर आम्ही लहानपणापासून बघतो, पाहुण्यांना दाखवतो. त्या आठवड्यात मी मेणबत्तीच्या उजेडात बसून कुठल्यातरी बंद लॅबमधल्या काचेचा विचार करत होते. शेजारच्या काकू डबा घेऊन आल्या. रिपोर्टचं अर्धंमुर्धं त्यांना सांगितलं, ‘पिशवीची तपासणी’ एवढंच. त्या लगेच म्हणाल्या, ‘‘काढूनच टाक ना पिशवी. मी अडतिसाव्या वर्षी काढली. कटकट नाही.’’ आमच्या बिल्डिंगमध्ये अशा चारजणी आहेत. जिच्यात मूल वाढवलं ती पिशवी काम झाल्यावर रिकाम्या दुधाच्या पिशवीसारखी टाकून द्यायची, असा हिशेब. माझे मसे पिशवीत नव्हतेच हे त्यांना कसं सांगणार?

वीज नसलेल्या त्या दिवसांतच मी उस्मानाबादबद्दल वाचलं, आणि चकित झाले, कारण तो जिल्हा, आताचा धाराशिव, आमच्या ओळखीचा. आमचं कुलदैवत तुळजापूरची भवानी. लग्न झाल्यावर, मुलगी झाल्यावर, नवस फेडायला, आम्ही बडोद्याहून तिकडे जात आलो. ओटी भरायची, दर्शनाची रांग, वाटेत सोलापूरला जेवण. आणि आमच्या गाडीच्या खिडकीतून ज्या गावांची शिवारं मागे पळत होती, त्याच गावांत १९९९ साली बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि टाटाच्या लोकांनी जगातला एक मोठा अभ्यास सुरू केला होता. ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. कुणाला पॅप, म्हणजे माझी झाली तशी ब्रशची आणि काचेची, कुणाला व्हिनेगर, कुणाला एचपीव्हीची चाचणी, आणि एका गटाला यातली कुठलीच तपासणी नाही. त्यावर पुढे वादही झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. २००९ मध्ये निकाल छापून आला. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा झाली, तिथं पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदा! डोक्यावर पदर घेतलेल्या, निरक्षर, शेतातून उठून आलेल्या बायकांनी जगाला हे दाखवून दिलं. आणि मी, एम.ए. झालेली, सयाजीरावांच्या गावातली, जिथं १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं आहे, चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत त्या टेबलावर चढले नव्हते. माझ्या सोबतीला देश आहे म्हणा. २०१९ ते २१च्या सरकारी पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांमागे दोघींनीसुद्धा ही तपासणी केलेली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मुलीचं वय विचारलं होतं. तेरा. ‘‘एचपीव्हीची लस दे.’’ मी गप्प राहिले, आणि त्यांना माझं गप्प राहणं बरोब्बर समजलं. बडोद्याची त्या वयाची कुठलीही बाई गप्प राहील. २००९ मध्ये ही लस आमच्याच जिल्ह्यात आली होती, डभोई, शिनोर, कवांट तालुक्यांत, दहा ते चौदा वर्षांच्या दहा हजारांच्या आसपास मुलींना. तशीच तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममला. माझी एक मैत्रीण डभोईकडे शाळेत शिकवायची; मुली रांगेत दंड पुढे करून उभ्या राहायच्या आणि नंतर चॉकलेट खायच्या, असं सांगायची. मग दोन्हीकडच्या मिळून सात मुली गेल्याच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१०मध्ये सगळं थांबलं. ते मृत्यू लशीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं. पण संमतीचे कागद कसे भरून घेतले, यावर संसदेच्या समितीनं २०१३ साली कडक ताशेरे ओढले, आणि मला ते ताशेरे अजूनही रास्त वाटतात. लस चांगली होती, वागणूक वाईट होती. या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायला आपल्या शहराला फार वर्षं लागली. त्याच धामधुमीत देशात आणखी एक अभ्यास अर्धवट थांबला, दोन डोस पुरतात की तीन हे बघणारा. हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्या मुलींचा माग सोडला नाही, आणि दहा वर्षांनी दिसलं की एका डोसनंही तेवढंच काम केलंय. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागे या आपल्या अडखळलेल्या मुलींचे दंड आहेत.

मुलीला पहिला डोस दिवाळीच्या सुट्टीत दिला. पुण्यात बनलेली लस, ६, ११, १६, १८, चारी नंबरांवर चालणारी. ‘‘कशाची आहे?’’ तिनं विचारलं. ‘‘कॅन्सरची,’’ मी म्हटलं. १६ आणि १८चं सांगितलं. ६ आणि ११चं नाही सांगितलं.

रिपोर्ट पूर ओसरल्यावर, गणपतीच्या दोन दिवस आधी मिळाला. त्यात ‘इन्फ्लमेटरी’ असा एक शब्द होता आणि तो वाचून मी मांडवीच्या गर्दीत मोदकाच्या साच्यांच्या दुकानासमोर खालीच बसले. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, तो शब्द अर्ध्या बायकांच्या रिपोर्टात असतो, सूज, बाकी काही नाही. कॅन्सर नाही, कॅन्सरच्या आधीचंही काही नाही. ‘‘सहा महिन्यांनी येऊ?’’ मी विचारलं. ‘‘तीन वर्षांनी.’’ खरं सांगायचं तर मला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढी घाबरले होते, सहा महिन्यांची तरी किंमत त्या भीतीला हवी होती. जानेवारीत पुन्हा एक मसा उगवला, परत अ‍ॅसिड लागलं, परत गेला. त्याची सवय होते.

वन्संना तिकडे घेऊन जायला आठ महिने लागले. ह्यांच्या थोरल्या बहीण, अठ्ठावन्न वर्षांच्या, कधीही न शिंकणाऱ्या. ‘‘मला काय धाड भरलीय?’’ हा त्यांचा एकच मुद्दा, आणि त्यात तोड नव्हती, कारण त्यांना खरोखर काही झालेलं नव्हतं. काही झालेलं नाही म्हणूनच जायचं, हे मी त्यांना भाकरी थापताना, लीलो चिवडा निवडताना, नवरात्रात, संक्रांतीला, पुन्हा पुन्हा सांगितलं. शेवटी मावशीची उदबत्ती सांगितली. त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जरीची नको, साधी साडी नेसून तयार होत्या.

काउंटरवर तीच मुलगी. मान खाली. ‘‘शुं तकलीफ छे, बेन?’’

‘‘काहीच नाही,’’ वन्सं म्हणाल्या, मराठीत आणि ठणकावून.

मुलीनं मान वर केली. ‘‘तकलीफ नथी तो लखुं शुं?’’ रजिस्टरात नाव, वय, गाव यांच्यापुढे तकलीफचा रकाना होता, आणि तो रिकामा ठेवून पुढे सरकायची तिला सवय नव्हती. मागे रांगेत चारजणी, त्यातली एक पुढे झुकलेली. ‘‘तपास,’’ मी म्हटलं. ‘‘तपास लखो.’’ तिनं लिहिलं, मग माझा चेहरा ओळखून मदतीच्या सुरात विचारलं, ‘‘मसानी ने?’’

‘‘ना,’’ मी म्हटलं. ‘‘गर्भाशयना मुखनी.’’

वन्संनी माझा दंड धरला. ‘‘अगं, हळू बोल की.’’